आक्काचा सूड

डॉक्टरांनी मला सरळ विचारलं होतं, "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? पोहताना, पळताना, झोपेत?" मी "नाही" म्हणालो. ते खोटं होतं. आमचे बापूकाका ऐन तरुणपणी विहिरीत गेले होते, आणि अख्ख्या मखमलाबादेत त्यांच्यासारखा पोहणारा नव्हता. माझ्या त्या एका शब्दाचा सूड आक्का नऊ वर्षं घेत राहिली. तिच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

आक्का माझी थोरली चुलतबहीण. मळ्यात शेवंती आणि गुलाब पिकवायची. तिचा एकुलता सागर कबड्डी खेळताना चक्कर येऊन पडला. घरात शिकलेला, नाशिक रोडला सरकारी नोकरीत असलेला मीच, म्हणून त्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे मी नेलं. त्याच आठवड्यात माझ्या लेकीच्या, पूजाच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, आणि दवाखान्यात केसपेपर लिहिणारी बाई मुलाकडच्यांच्या भावकीतली निघाली. ती समोर बसलेली असताना घराण्याचा इतिहास मला उघडायचा नव्हता. डॉक्टर म्हणाले, "ईसीजीत एक टप्पा जरा लांबलाय, पण अगदी काठावर आहे. घरात असं कोणी गेलेलं नाही म्हणताय, तर धोका कमी. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

चौथ्या महिन्यात दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्याने, मोटारीच्या पाइपात अडकलेला गाळ काढायला सागरला विहिरीत उतरवलं. काम झाल्यावर तो पोहायला लागला आणि पाण्यात मधेच थांबला. पुन्हा हललाच नाही.

नंतर डॉक्टरांनी आक्काला समजावलं की हा दोष रक्तातून येतो. बापूकाकांचं कळलं असतं तर गोळ्या तेव्हाच सुरू केल्या असत्या, पाण्यात उतरू दिलं नसतं. आक्काने मला विचारलं. मी म्हणालो, "आठवलंच नाही गं." तेव्हापासून तिने मला कधी "कसा आहेस" विचारलं नाही. वास्तुशांत असो की साखरपुडा, भरल्या पंगतीत ती मोठ्याने म्हणायची, "आठवलं का रे आता?" लोक माझ्याकडे बघायचे. मी ताटाकडे बघायचो.

पण तिचं खरं वैर त्या रोगाशी होतं. भावकीतल्या माणसाशी बांधावरून भांडावं तशी ती त्याच्याशी बोलायची. "माझं एक नेलंस ना? आता या घरातलं एक बी माणूस तुला देणार नाय." गोदाकाठी कुणाचाही दहावा असला की ही बायकांमध्ये जाऊन बसायची. "कसा गेला? पळत व्हता? पाण्यात व्हता? का आवाजानं दचकून पडला?" कुणी रडत असलं तरी उत्तर घेतल्याशिवाय उठायची नाही. मग फुलांच्या टेम्पोत त्या घरातली सगळी माणसं कोंबून दवाखान्यात न्यायची. पोरं तिला 'ईसीजी आक्का' म्हणायची. एकदा माझा एक पुतण्या ओरडला, "पळा रे, आक्का आली, शर्टाची बटणं लावा!" ती म्हणाली, "हस लेका. हसायला तरी छाती चालू पायजे." त्याच पुतण्यात दोष निघाला. माझ्यात निघाला, तिच्यातही निघाला.

पूजाच्या लग्नानंतर महिन्याभरात हा टेम्पो तिच्या सासरी जाऊन उभा राहिला. सासूसमोर आक्का म्हणाली, "पोरीचा ईसीजी काढायचाय. हिच्या बापाला आठवत नाय, मला आठवतं." पूजाचा टप्पा सागरपेक्षाही लांब निघाला. ज्या सासरची मी धास्ती घेतली होती, तिथली सासूच आता तिला सकाळच्या चहाबरोबर गोळी हातात देते. एवढ्यासाठी मी खोटं बोललो होतो.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आक्का मला म्हणाली, "तुझी पोर मी वाचवली. आता रोज तिच्याकडं बघ आन् माझा सागर आठव. दुसरी शिक्षा नाय माझ्याकडं." ती शिक्षा मी भोगली.

गेल्या वर्षी आक्का यकृताच्या दुखण्याने गेली. जायच्या आठवडाभर आधी तिला भेटायला गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं, पण "आठवलं का" हे या वेळी विचारलं नाही. तेच मला सोसवलं नाही. मी म्हणालो, "आक्का, मला तेव्हाच आठवलं होतं. डॉक्टरांनी विचारताक्षणी बापूकाका डोळ्यांसमोर उभे राहिले. पूजाचं लग्न मोडेल म्हणून मी खोटं बोललो."

ती रडली नाही, शिवीही दिली नाही. कोपरावर जोर देऊन उठली आणि बाहेर हाक मारली, "अवो, आत या जरा." दाजी आले. त्या विहिरीकडे ते नऊ वर्षं फिरकले नव्हते. आक्का मला म्हणाली, "मला नगं सांगू. यान्ला सांग. 'पोराला मीच मारला' म्हनत हा माणूस रोज मरतोय."

मी दाजींच्या पायांवर हात ठेवले. "दाजी, तुम्ही त्याला विहिरीत उतरवलंत यात तुमची चूक नव्हती. त्याला पाण्यात जाऊ द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असतं. पण बापूकाकांचं मी लपवलं, जाणूनबुजून. सागर माझ्यामुळे गेला. मी चुकलो, दाजी."