तारेचा साफ आवाज

माझ्या भावाला गिटारीतून साफ आवाज काढायचा होता, आणि त्यापायी एका पावसाळ्यात आमच्या घरात कोणाला स्वस्थता नव्हती. गिटार म्हणजे तुम्हाला वाटते तशी छातीशी धरून वाजवायची नव्हे. ही मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातानं तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची आणि उजव्या अंगठ्यानं तार छेडायची. बल्लारपूरच्या जंक्शनवरचा एक गार्ड बदली होऊन जाताना ती भावाला देऊन गेला. तारांखाली लोहचुंबकाची पट्टी होती, तिच्यातून एक वायर निघायची. ती रेडिओच्या पाठीतल्या भोकात खोचली की गिटार रेडिओतून वाजायची. हे सगळं एकोणीसशे पन्नासचं दशक सरता सरताचं. आमच्या ओळीतल्या क्वार्टरांत रेडिओच मोजके, तिथं विजेची गिटार म्हणजे दारात हत्ती बांधल्यासारखं झालं.

मी तेव्हा ब्रह्मपुरीकडच्या गावातून वहिनीच्या बाळंतपणासाठी आलेली. लग्न व्हायचं होतं, शाळा चौथीत सुटलेली, धानाच्या बांधावर पाखरं हाकत वाढलेली, आणि डोकं जन्माचं तापट. भाऊ कागदाच्या मिलमध्ये होता, मिल सुरू झाली तेव्हापासून बांबू चिरायच्या मशीनवर. गडचिरोलीकडच्या जंगलातून ट्रक भरभरून बांबू यायचे आणि त्या मशीनच्या तोंडात जायचे. एकदा डबा द्यायला गेले, तर फाटकापाशीच माझ्या पायाखालची जमीन हादरत होती. आत माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलत. कानाला त्रास नको म्हणून तिथले सगळे कागदाच्या ओल्या लगद्याची गोळी करून कानात दाबत आणि घरी आले की कोरून काढत. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. घरी ही मंडळी ओरडून बोलायची, तर मिलवाल्यांचं बोलणंच तसं म्हणून सगळे सोडून द्यायचे.

रेडिओवर दूरच्या कुठल्याशा स्टेशनावर संध्याकाळी एक बाजा लागायचा. त्यात गाणारा कोणी नसायचा, पुढे नुसती विजेची गिटार आणि मागे ढोल. एकेक सूर निवडलेल्या तांदळाच्या दाण्यासारखा सुटा. भावाला अगदी तसाच आवाज पाहिजे होता. कामगारांच्या गणपतीत वाजव म्हणून मित्र मागे लागले होते, पण ह्याचं एकच पालुपद.

"आवाज साफ झाल्याबिगर मी नाई बसत लोकांपुढी."

सुरुवातीला आवाज खरंच वाईट होता, खोटं कशाला बोलू. छेडायच्या आधीच रेडिओ घूं घूं करायचा. त्यासाठी भावानं मोरीजवळच्या ओल्या जमिनीत सळई ठोकली, रेडिओची अर्थिंगची वायर तिला गुंडाळली आणि वर मिठाचं पाणी ओतलं. ती घरघर गेली. मग जोरानं छेडलं की सूर फाटायचा, म्हणून रेडिओच्या आवाजाचं बटण अर्ध्याच्या खालीच ठेवायचं ठरलं. स्पीकरचा कागद एका जागी चिरलेला होता, तिथं त्यानं मिलमधला पातळ कागद भाताच्या खळीनं चिकटवला. तारा हाताच्या तेलानं मंदावल्या होत्या, त्या वहिनीच्या वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळल्या. वहिनी ओली बाळंतीण, तरी खाटेवरून उठून आली.

"आज तारा शिजवल्या, उद्या मशीनच आणा चुलीवर," म्हणाली, आणि गंज राखेनं तीन वेळा घासायला मला लावला.

पण तारा उकळल्यावर आवाज असा काही उजळला की मीसुद्धा हातचं काम टाकून ऐकत बसले. जाड तार गोल वाजायची, पातळ तार लखलखीत. एकावर एक सूर चढत नव्हता. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

"कसा हाये वो बाई?" भावानं मला विचारलं. मला तो बाईच म्हणायचा.

"मस्त हाये. रेडिओतल्यावानी."

"नाई गे. गोधडीखालून आल्यावानी वाटते मले. बसेल हाये आवाज."

मग तो तिखट आवाजाचं बटण पार टोकाला पिळायचा आणि घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, अगदी जवळ तार छेडायचा. माझ्या कानात सुई टोचल्यासारखं व्हायचं, पाळण्यातलं पोर रडायला लागायचं, आणि हा म्हणायचा, आता जरासा बरा हाये. रोज ड्युटीवरून आला की हेच. कधी वायर बदल, कधी कांडी घास, कधी रेडिओ खिडकीत ठेव, कधी जमिनीवर. गणपती जवळ येत चालले आणि त्याची चिडचिड वाढत चालली. जेवण पुढ्यात तसंच राहायचं. शेवटी माझं डोकं सरकलं.

"नाचता येईना अंगण वाकडं, तसं करून राह्यला तू भाऊ. गिटारीले काई नाई झालं."

तो हसला. वहिनीपण हसली.

मग ती संध्याकाळ आली. पाऊस उघडला होता. क्वार्टरांच्या मागे बांबूचे ढीग रचलेले असायचे, त्यातून रातकिडे असे किरकिरत होते की शेजारणीशी बोलायचं तर मला आवाज चढवावा लागत होता. भाऊ ओट्यावर बिडी ओढत बसला होता. मी शेजारी तांदूळ पाखडत होते.

"यंदा किडे काऊन नाई बोलून राह्यले वो?" तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतो. त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर तो अंधाराकडे बघत होता, अगदी सहज. मी सूप खाली ठेवलं, घरात गेले, पोराचा घुंगरांचा वाळा घेतला आणि त्याच्या मानेमागे उभी राहून हलवला. त्यानं बिडीची राख झटकली. पुन्हा हलवला. त्यानं मागे पाहिलं नाही. इतके दिवस आम्ही रेडिओ दुरुस्त करत होतो आणि बिघाड दुसरीकडेच होता.

वहिनीला सांगितलं, तर ती जराही घाबरली नाही.

"लगदा असंन आत," ती म्हणाली. "पलीकडच्या भाऊजींच्या कानातबी वाळून बसला होता. काढला तं मोकळे झाले."

तिच्या बोलण्यानं मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच तिच्या खाटेवर बसले. अर्थातच लगदा. दुसरं काय असणार? मिलच्या दवाखान्यात जायला मात्र भाऊ तयार नव्हता. डॉक्टरनं बहिरा म्हणून कागदावर घातलं तर मशीन जाणार, मशीनबरोबर क्वार्टर जाणार, आणि पोर अजून पाळण्यात. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. म्हणून आम्ही दोघं रविवारच्या बाजारात कान कोरणाऱ्याकडे गेलो.

त्यानं भावाची मान तिरपी केली, तेल सोडलं, थोडा वेळ थांबला आणि मग चिमट्यानं दोन्ही कानांतून एकेक खडा काढला. वाळलेला, घट्ट, भुईमुगाच्या दाण्याएवढा लगदा. बघणारे हसले. भाऊ दचकून इकडेतिकडे पाहायला लागला. भाजीवालीची हाळी, बैलगाडीची खडखड, सगळं त्याला मोठ्यानं ऐकू यायला लागलं.

"बाई, हळू बोल वो," तो मला म्हणाला, आणि मी रस्त्यातच त्याच्या पाठीत धपाटा घातला. घरी येईपर्यंत आम्ही बोलतच होतो. गणपतीत काय वाजवायचं तेही त्यानं रस्त्यात ठरवलं.

वहिनीनं दारातच आमच्या हातावर साखर ठेवली. भावानं चहासुद्धा घेतला नाही. रेडिओ लावला, तो तापेपर्यंत गिटार मांडीवर घेऊन बसला, बटण अर्ध्याच्या खाली आणलं. मग छेडलं.

असा आवाज मी त्या घरात आधी ऐकला नव्हता. घरघर नाही, फाटणं नाही, एकेक सूर सुटा आणि लखलखीत. दूरच्या स्टेशनावरचा तो बाजाच कोणी आमच्या खोलीत आणून ठेवला होता. मला आनंदानं काही सुचेना. भावानं पुन्हा छेडलं. मग कपाळाला आठी घालून बटणाकडे हात नेला.

"अजून गोधडीतच हाये," तो म्हणाला. "सांग बाई, कुठी बिघडलं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. लगदा निघाला होता, पण मशीननं कानातलं जे नेलं ते परत आलं नव्हतं. काय सांगायचं ते मला कळलं, आणि सांगायची इच्छा अजिबात नव्हती.

"कुठीच नाई, भाऊ. आवाज साफ हाये."

त्यानं हात मागे घेतला. मग जाड तारेपासून सुरुवात केली.

"हा?"

"साफ हाये."

"आन् हा?"

"साफ."

असं करत तो एकेक तार पुढे सरकला. शेवटी सगळ्यात पातळ तारेवर त्यानं कांडी पार घोडीजवळ नेली आणि अंगठ्यानं हलकेच छेडलं. तार थरथरताना मला दिसत होती. सूर खोलीभर गेला, पाळण्यातल्या पोरानं त्या दिशेनं डोळे फिरवले.

"वाजली का?" भावानं विचारलं.

"वाजली," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि कांडी तारेवर तशीच धरून बसून राहिला. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी उठून मोरीत गेले.