सड्याखाली

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भूगोलात एम. ए. करून मी रत्नागिरीला घरी बसले होते, तेव्हा सर्वेक्षणाची एक सरकारी तुकडी गावात आली. कोयनेच्या भूकंपानंतर घाट आणि किनारा यांच्यामधली जमीन सरकते आहे की काय, ते त्यांना उपग्रहांच्या मदतीनं मोजायचं होतं. गावकऱ्यांशी बोलायला आणि यंत्रापाशी बसायला त्यांना इथलंच कुणीतरी हवं होतं. ते काम मला मिळालं.

तुकडीचे साहेब उत्तरेकडचे, पन्नाशीचे, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सगळं समजावलं. कातळात पितळेची खूण बसवायची, तिच्यावर नेमकी तिवई उभी करायची, तिवईवर अँटेना. अँटेना उपग्रहांचे संदेश पकडते आणि त्यावरून खुणेची जागा फार बारीक हिशेबात कळते. काही वर्षांनी परत येऊन त्याच खुणेवर मोजायचं. जागेत फरक पडला, तर तेवढी जमीन हलली. उपग्रह तेव्हा मोजकेच होते. ते आमच्या डोक्यावर यायचे ऐन दुपारी, आणि तेवढा वेळ कुणीतरी तिवईजवळ बसून राहायला लागायचं.

पावसच्या बाजूला, रस्ता सोडून वर चढलं की लांबवर पसरलेला सडा होता, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. काळा पडलेला जांभा, वाळलेलं गवत, आणि एकच घर. त्या घरात एक बाई एकटीच राहायची. नवरा बोटीवर होता, तो वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगा कुवेतला. मी तिला चाची म्हणू लागले. जागा तिची असल्यामुळे परवानगी मागायला मीच गेले. तिनं चहा दिला, हो म्हणाली, आणि मग अंगणाच्या टोकाची सपाट शिळा आम्ही निवडली आहे हे कळल्यावर तिनं हातातली किटली खाली ठेवली.

"तिथं नको लावू, बाय," ती म्हणाली. "खालती कोण तरी हाय."

खालती म्हणजे कुठे, असं मी विचारलं. तिनं पाय जमिनीवर हलकेच टेकवून दाखवलं.

गावात तिच्याबद्दल काय बोललं जायचं ते मला नंतर कळलं. नवरा गेल्यापासून तिला आवाज ऐकू येतात, झपाटलेलं घर आहे, मुलगासुद्धा म्हणून येत नाही, वगैरे. घराजवळ एक विहीर होती. कधी काळी एका रात्रीत तिचं पाणी नाहीसं झालं होतं, आणि तेव्हापासून ती फळ्या टाकून झाकलेली होती. फळ्यांच्या फटीतून गार हवा यायची. मी स्वतः हात धरून बघितला. बाहेर एप्रिलचं ऊन तापलेलं आणि हाताला तळघरातल्यासारखा गारवा. दुपारी गेले तर हवा वर येत होती. संध्याकाळी निघताना फटीवर पान धरलं, तर ते फळीला चिकटलं. हवा आत ओढली जात होती.

साहेबांना सांगितल्यावर ते हसले नाहीत. जांभ्याखाली मऊ माती असते, तिच्यात कधी कधी लांब पोकळ्या तयार होतात, हवेचा दाब बदलला की त्या श्वास घेतल्यासारख्या वागतात, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

चाचीनं पुन्हा अडवलं नाही. शिळेवर खूण बसली, काम सुरू झालं. पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. मग एकदा सकाळी तिवई पाहिली तर तिच्याखाली लटकणारा ओळंबा खुणेच्या मधोमध नव्हता. साहेबांनी यंत्र राखायला ठेवलेल्या माणसाला विचारलं, त्यानं शपथ घेतली की रात्री कुणी फिरकलं नाही. आम्ही पुन्हा नीट लावली. दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि त्याच बाजूला. उन्हानं तिवईचे लाकडी पाय ताणले जात असतील म्हणून साहेबांनी तिच्यावर मोठी छत्री बांधली आणि मला सांगितलं, आज नजर हलवू नकोस.

तिवईच्या माथ्यावर काचेची एक छोटी गोल डबी असते. तिच्यात द्रव, आणि द्रवात बुडबुडा. बुडबुडा मधोमध असला म्हणजे तिवई सपाट. त्या दुपारी मी एकटीच होते. वारा नव्हता. समुद्र खाली दिसत होता, पण त्याचा आवाज वरपर्यंत येत नव्हता. चाचीच्या शेळ्या अंगणात सावलीला बसल्या होत्या, शिळेकडे एकही येत नव्हती. मी बुडबुड्याकडे बघत बसले.

तो हलला. आधी वाटलं, डोळे थकले. मी मान वळवून परत पाहिलं. तो वर्तुळाच्या कडेला टेकला होता. कुणी हात लावला नव्हता, छत्रीची सावली जागच्या जागी होती, आणि तो विहिरीच्या उलट दिशेला सरकत होता. म्हणजे शिळा विहिरीकडे कलत होती, आणि मी तिच्यावर बसले होते. तेवढ्यात खालून आवाज आला. मोठा नव्हता. खालच्या खोलीत कुणी हंडा जमिनीवर ठेवावा तसा. थोड्या वेळानं आणखी एक.

मी उठले ती सावकाश, पाय न वाजवता, का ते मला सांगता येणार नाही. चाची दारातच उभी होती. तिनंही ऐकलं होतं.

"आजपण ठोकलान," ती म्हणाली.

मी तिला हाताला धरून तिवईपर्यंत नेलं आणि काचेच्या डबीत बघायला लावलं. बुडबुडा म्हणजे काय, तो कुठे असायला हवा, तेवढं सांगितलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे मी येडी नव्हते," ती म्हणाली.

साहेबांनी त्याच संध्याकाळी तिवई उतरवली. आपल्याला सगळी जमीन मिळून कशी सरकते ते मोजायचं आहे, एका शिळेचं खचणं त्यात मिसळलं तर हिशेब बिघडतो, म्हणून ही खूण रद्द, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. पण मग त्यांनी टोपी काढली आणि मला म्हणाले की त्या बाईंना इथे राहू देऊ नकोस. तलाठ्याकडे ते स्वतः गेले.

चाची तयार नव्हती. मुलगा सुट्टीवर येईल आणि घराला कुलूप बघून परत जाईल, ही तिची एकच भीती. शेवटी मी दारावर खडूनं तिच्या बहिणीच्या घरचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिला. ते तिला पटलं. शेळ्या घेऊन ती पावसला बहिणीकडे गेली.

श्रावणात अंगण गेलं. विहीर, शिळा, गोठा, सगळं एका सकाळी खाली बसलं. घर उभं राहिलं, पण पुढची भिंत नव्हती, आणि पत्ता लिहिलेलं दार खड्ड्याच्या तळाशी पडलेलं दिसत होतं. मी काठापासून लांब उभी राहून पाहिलं. खालून गार हवा येत होती. मुलगा दिवाळीनंतर आला, विचारत विचारत मावशीच्या घरी पोचला, आणि त्यानं आईसाठी गावातच दोन खोल्या बांधल्या.

आमचं काम भाट्याच्या खाडीपलीकडे, टणक काळ्या खडकावर पुरं झालं. तिथला बुडबुडा कधी हलला नाही. तरी पुढे कितीतरी महिने घरी जेवायला बसले की मी पाण्याची वाटी जमिनीवर ठेवून तिच्याकडे बघत राहायचे. आई विचारायची, काय बघतेस. मी काही नाही म्हणायचे, आणि पाणी वाटीच्या कडेला सगळीकडे सारखं आहे याची खात्री होईपर्यंत घास घ्यायचे नाही.