खांबावरच्या माणसाला हाक

तायडे गेला त्याला आता सात आठवडे होतील. लोक अजून विचारतात, तुम्हाला बातमी कशी कळली हो? काय सांगू? बातमी यायला मी दूर असायला पाहिजे होतो ना. मी तिथंच होतो. त्याच्या घरात, त्याच्या पुढच्या खोलीत, त्याच्याच खुर्चीत पाय पसरून पेपर वाचत बसलो होतो. मधे एक भिंत आणि एक प्लास्टिकचं दार, एवढंच अंतर.

सुखदेव तायडे, विजेच्या खात्यातला निवृत्त लाइनमन, राहणार अमरावती, मूळ गाव वलगाव. माझा तीस-एक वर्षांचा दोस्त. त्या रविवारी मी अकोल्याहून सकाळच्या गाडीनं त्याच्या घरी गेलो, तिथून वलगावला त्याच्या पुतण्याच्या शेतात हुरडा खायला जायचं ठरलं होतं. थंडी अशी पडली होती, की बसच्या खिडकीला हात लावला तरी बोटं बधिर. शेवंता वहिनी लेकीकडे, चांदूर रेल्वेला गेलेल्या. तायडेनं स्वतःच चहा केला, साखर नेहमीसारखी दुप्पट टाकली, आणि खांद्यावर टॉवेल टाकून म्हणाला, "तू पेपर वाच. मी हा गेलो अन् हा आलो."

हे त्याचे शेवटचे शब्द. यात काय आठवण काढायची, सांगा!

आमची ओळख झाली ती अमरावतीच्या बस स्टँडवर. तेव्हा मी, म्हणजे हा ढोरे, तिथंच नोकरीला; माइकवर गाड्या पुकारायचं काम माझं. एके दिवशी लाइट गेली, माइक बंद पडला, आणि माझा आवाज बरा असला तरी तो काही सगळ्या फलाटांवर पोचणारा नव्हता. लाइट दुरुस्त करायला आलेला एक काळासावळा, उंच माणूस शिडीवर चढला आणि वरून मलाच ओरडला, "साहेब, खाली उभं राहून काय पाहून राह्यले? मले आवाज देत जा. दर दोन मिनिटाले. 'आहे का' म्हना." मी म्हटलं, अहो, तुम्ही तर समोर दिसताय. तो म्हणाला, "दिसन्यावर जाऊ नका. जवाबावर जा."

मला हसू आलं. दहा फुटांची शिडी आणि याचा थाट विजेच्या टॉवरचा! पण मी आपला ओरडत राहिलो, "आहे का?" आणि तो वरून, "आहे!" प्रवासी आमच्याकडे वेड्यासारखे बघत होते. माइक सुरू झाला, तायडे उतरला, आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला आणि तिथंच त्यानं मला ती गोष्ट सांगितली, जी पुढं मी किमान वीस वेळा ऐकली.

नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यात तो नवीन असताना त्याचा जोडीदार खांबावर चढला होता. खाली तायडे आणि आणखी दोघं. वरचा माणूस कमरेच्या पट्ट्यात अडकून वाकलेला, हात तारेजवळ. खालचे तिघं बिडी ओढत गप्पा मारत होते. "आमी समजलो काम करून राह्यला," तायडे सांगायचा आणि इथं दर वेळी थांबायचा... "काम नोयतं करून राह्यला रे. तो तं केव्हाचाच गेला होता. पट्ट्यानं धरून ठेवला होता म्हणून पडला नाई. पडला असता तं आमाले समजलं तरी असतं."

त्या दिवसापासून हाक मारायचा त्याचा नियम. खांबावरच्या माणसाला दर दोन मिनिटांनी आवाज द्यायचा. जवाब आला नाही तर वर धावायचं नाही, पहिले डीपीवरचा फ्यूज खेचून लाइन बंद करायची, मग माणसाला हात. हा नियम त्यानं घरातसुद्धा आणला होता. कोणी बाथरूममध्ये जरा रमलं की हा बाहेरून, "आहे का?" लेक प्रज्ञा लहानपणी चिडायची, दार बडवून "नाही!" म्हणायची. वहिनींनी मात्र सवय करून घेतली. तो आंघोळीला गेला की त्या स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता हाक द्यायच्या. मी त्याची लई टिंगल केली. "अबे तायड्या, आंघोळ करतो का खांबावर चढतो?" तो म्हणायचा, "ढोरे, तुह्या बापाचं काय जाते एक आवाज द्यायले?"

काहीच जात नव्हतं रे माझ्या बापाचं. काहीच नाही.

आयुष्यभर करंट हाताळलेला हा माणूस घरात करंटाला जाम भ्यायचा. लेकीनं इलेक्ट्रिक गिझर घेऊन द्यायचं काढलं तर यानं घर डोक्यावर घेतलं. "पाणी अन् करंट एका खोलीत नको. मी मानसं मरतानी पायली हायेत." मग तीन वर्षांपूर्वी गॅसचा गिझर आला, तो बिनटाकीचा. नळ सोडला की आत ज्योत पेटते आणि कढत पाणी सुरू. याचं त्याला फार कौतुक. मला फोन करून म्हणाला, "करंटाले वास नसते ढोरे, तो सांगून येत नाई. गॅसले वास हाय. गॅस इमानदार." फिटरनं तो गिझर बाथरूममध्येच, नळाच्या वर भिंतीला ठोकून दिला आणि निघून गेला. पण तायडे कसला निर्धास्त बसतो? महिन्याच्या महिन्याला साबणाचा फेस करून नळीच्या प्रत्येक सांध्याला लावायचा, बुडबुडा येतो का बघायचा. कधीही आला नाही. त्याच्या शब्दावर मी अकोल्यात माझ्याही घरी तसाच गिझर बसवला, तसाच बाथरूमच्या आत. माझी सून आणि दोन नातवंडं रोज त्याखाली आंघोळ करत होती.

यंदा थंडी वाढली तशी त्याचे गुडघे धरले. बाथरूमच्या झरोक्यातून गार वारा येतो म्हणून त्यानं एक जुनं फ्लेक्स कापून झरोक्यावर ठोकलं. चारी बाजूंनी, चुका मारून. तायडेचं काम म्हणजे पक्कं. वारा यायला सूतभर फट ठेवली नाही.

तर त्या रविवारी मी पेपर वाचत होतो. आतून पाण्याचा आवाज येत होता, धो धो, एकसारखा. पाणी चालू आहे म्हणजे माणूस आंघोळ करतो आहे. मी अग्रलेख वाचला, खेळाचं पान वाचलं, मग शब्दकोडं घेतलं. मधे एकदा मनात आलंही, की आज लई वेळ लावला बुवा यानं. पण रविवार, थंडी, कढत पाणी... बसला असेल मजेत. शेवटी कोड्यात एक शब्द अडला. मोटेचा जाड दोर, दोन अक्षरं. मी अकोल्याच्या गल्लीत वाढलेला, मला काय माहीत मोट? हा खेड्यातला, याला येईल, म्हणून मी बसल्या जागेवरून ओरडलो, "तायडे, मोटेच्या दोराले काय म्हनते रे?"

माझी पहिली हाक ही अशी. ती काळजीची नव्हती, कोड्याची होती.

जवाब आला नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. मग मी उठलो, दार वाजवलं, आणि घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती! खांदा मारून कडी तोडली. आत वाफच वाफ, गिझरची ज्योत पेटलेलीच, आणि तायडे भिंतीला टेकून बसलेला. पहिले फ्यूज खेचायचा, हे मला वीस वेळा सांगितलेलं. मी मात्र सरळ त्याला धरायला धावलो आणि माझंच डोकं गरगरलं. शेजारच्या ताई आरडाओरडा ऐकून आल्या, त्यांनी सिलिंडर बंद केलं, माझी कॉलर धरून मला बाहेर ओढलं आणि झाडूच्या दांड्यानं ते फ्लेक्स फाडलं. दोघांनी मिळून मग त्याला अंगणात आणलं. त्याचा चेहरा गुलाबी होता हो... इतका टवटवीत मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मला वाटलं, वाचला!

दवाखान्यातल्या डॉक्टर पोरीनं मला बाकावर बसवून समजावलं. काका, गॅस गळला नव्हता. कोंडलेल्या जागेत ज्योत जळत राहिली, तिला हवा पुरली नाही, की एक वेगळाच विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस मात्र गुलाबी दिसतो. माणसाला घाबरं होत नाही, सुस्ती येते आणि तो बसून घेतो. मी विचारलं, दहा मिनिटांत दार तोडलं असतं तर? ती म्हणाली, ते आता सांगता येणार नाही. मी सगळ्यांना सांगितलं, पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. पोलिसांना तेच, प्रज्ञाला तेच. वहिनींना तर त्यांच्या डोळ्यांकडे न बघता सांगितलं.

अकोल्याला परतलो ते आधी घरचा गिझर काढला. नवीन फिटर आणला, तो म्हणाला, काका, हे यंत्र बाथरूमच्या बाहेरच लावायचं असते, मोकळ्या हवेत, धूर बाहेर टाकणाऱ्या नळीसकट. आत फक्त पाणी आणायचं. आता तो मागच्या गॅलरीत आहे. झरोक्याची काच मी स्वतः काढून टाकली. सून म्हणते थंडी वाजते. वाजू दे म्हटलं, थंडीनं माणूस कुडकुडतो, ओरडतो तरी.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला भरपूर लोक आले, वंदना झाली, चार जण चांगलं बोलले. मला बोलायला उठवलं. आयुष्यभर माइकवर बोललेला माणूस मी, माइक हातात धरून नुसता उभा राहिलो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःख झालं. दुःख तर होतंच, पण घशात ती चाळीस मिनिटं अडकली होती.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. त्यांचं कपाट आवरणं चाललं होतं. गिझरचं माहितीपत्रक सापडलं होतं, ते त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. प्लास्टिकची पिशवी अजून चिकटवलेलीच. मी फोडली. दुसऱ्याच पानावर चित्र होतं: बाथरूम, भिंतीवर गिझर, आणि त्यावर ही मोठी लाल फुली. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळावं असं. साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधणारा माणूस, त्यानं ही पिशवी उघडली नाही! मला त्याचा असा राग आला, की मेलेल्या माणसावर मी मोठ्यानं ओरडलो, "अबे गाढवा, पाहायचं तरी होतं!"

वहिनी ती फाटलेली पिशवी घडी करू लागल्या. तेव्हा माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, "वहिनी, मी खोटं बोललो. पंधरा मिनिटं नव्हती. चाळीस होती. मी बाहेर बसून पेपर वाचत होतो."

"मले मालूम हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. उठून त्यांनी कपाटातून घडी केलेला पेपर काढला. तोच, त्या रविवारचा. कोडं माझ्या अक्षरात भरलेलं, दोन घरं रिकामी. "मी चांदूरहून आली तवा हा पेपर खुर्चीवर पडेल होता. एवढं कोडं काय पंधरा मिनिटात होते काय? तुमी कवा सांगता, तेच पाहून राहिली होती." मग म्हणाल्या, "तो शबद नाडा हाय. वलगावच्या शेतात होती आमची मोट."

मी पोरासारखा रडलो. त्यांनी मला उगी केलं नाही, माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. मी रडायचा थांबल्यावर त्यांनी चुलीवर तापवलेलं पाणी बादलीत ओतलं आणि म्हणाल्या, "आंघोळ करून घ्या. मंग जेवा."

बाथरूमचं दार तेच, तुटलेली कडी मात्र पुन्हा बसवलेली नव्हती. जिथं गिझर होता तिथं भिंतीला चार भोकं. झरोका सताड उघडा, त्यातून शेजारच्या कडुनिंबाची फांदी दिसत होती. मी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि हात तिथंच थांबला. स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"भाऊजी, आहे का?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाहेर परात खाली आपटल्याचा आवाज आला, धावत येणारी पावलं आली, दारावर पिठाच्या हाताची थाप पडली.

"भाऊजी! आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "आहे, वहिनी. आहे."