बाबांचा रिपोर्ट मी वाचून दाखवला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, अकोल्यात माझ्याबरोबर खोली घेऊन राहणाऱ्या मैत्रिणीला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. मी मुळात कमी बोलते. लोक त्याला लाजाळूपणा म्हणतात, मीही म्हणू देते. पण गप्प राहणं आणि लपवणं यांत फरक असतो ना? दोन वर्षांपासून मला तो नीट कळतो. हे इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं — शाळा इंग्रजी, डोक्यातला विचारही बराचसा इंग्रजीच. पण इंग्रजीत लिहिलं तर बाबांना वाचता येणार नाही. ते माहीत असूनही इंग्रजीत लिहायचं, म्हणजे पुन्हा तेच केल्यासारखं.

'तेच' म्हणजे काय — सांगते. थोडं थांबत थांबत सांगेन.

बाबा मोजणी खात्यात भूमापक होते. बाळापूर, भातकुली, जिथे बदली होईल तिथे. पिकं निघाली, काळी जमीन मोकळी झाली की त्यांचं काम सुरू व्हायचं. पावसाळ्यात ती माती पायच सोडत नाही, मग मोजणार काय? धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणारे दोन भाऊ दोन बाजूंना उभे, आणि मध्ये बाबा, तेहतीस फुटांची लोखंडी साखळी घेऊन. नंतर यंत्रं आली. पण साखळीबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजून वेगळा होतो.

कधीतरी रविवारच्या पुरवणीत त्यांना एक चित्र सापडलं होतं. इजिप्तमधल्या एका थडग्याच्या भिंतीवरचं, साडेतीन हजार वर्षं जुनं. उभं पीक, आणि त्यातून दोरी ताणून शेत मोजणारी माणसं. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. बाबांनी ते कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. मी शाळेत होते तेव्हापासून ते तिथेच आहे. माझा अभ्यास त्या चित्रावर वह्या ठेवून झाला.

मला नोकरी लागून तीन वर्षं झाली तेव्हा मीच म्हटलं — चला बाबा, दाखवून आणते. मीच म्हटलं, हे लक्षात ठेवा. त्यांनी कधी मागितलं नव्हतं.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांचा पहिला पासपोर्ट निघाला. पोलीस चौकशीला घरी शिपाई येणार म्हणून ते सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. वाचनालयातून इजिप्तवरची असतील नसतील ती मराठी पुस्तकं आणली. मी शनिवारी अकोल्याहून अमरावतीला घरी यायचे, तेव्हा टेबलावर नकाशा उघडलेला असायचा आणि वहीत आठवड्याचे प्रश्न लिहिलेले असायचे. दोरी ओली झाल्यावर आखडते, मग ते लोक सकाळच्या दवात मोजत असतील का? पुढचा माणूस दोरी ओढतो, मागचा धरतो — चित्रात वयानं मोठा कोण आहे? मी ऐकायचे. खरं सांगते, मला आवडायचं ते. घरात, आम्ही दोघंच असताना.

आम्ही एका छोट्या गटाबरोबर जाणार होतो. पुण्यातली मंडळी, इतिहासाची आवड असलेली, बरोबर एक अभ्यासक. निघण्याच्या चार महिने आधी ओळखीसाठी सगळ्यांची व्हिडिओवर बैठक ठेवली होती. एकेक जण इंग्रजीत बोलत होता. कुणी वास्तुकला शिकवणारं, एक जोडपं नुकतंच ग्रीस पाहून आलेलं. इजिप्तच का, असं अभ्यासकांनी प्रत्येकाला विचारलं. मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि सुटले. तेवढ्यात बाबा शेजारच्या खुर्चीतून पडद्याकडे वाकले.

"नमस्कार. मी मोजनीवाला मानूस हाये," ते म्हणाले. मग त्यांनी चित्राबद्दल सांगितलं. "त्या दोरीवाल्यायसाठी एक बाई खायाप्यायाचं घेऊन आली हाये. म्हंजे पाहा, तिथंबी मोजनीवाल्याचा चहा-नाश्ता होताच."

सगळे हसले. पडद्यावरच्या चौकटीचौकटींतून हसले. एका बाईंनी तोंडावर हात ठेवला. ते विनोदाला हसले की भाषेला? मला माहीत नाही. त्या दिवशी माहीत करून घ्यायला मी थांबलेच नाही. मी बटण दाबून आमचा आवाज बंद केला.

बाबा बोलत राहिले. साखळी उन्हात लांबते ते, ओल्या दोरीचं, त्यांच्या हाताखालच्या दोन साखळीवाल्यांचं — चांगली दोन-तीन मिनिटं, हात हलवून, मनापासून. पलीकडे एक शब्द पोचत नव्हता. त्या लोकांना वाटलं असेल आमचं नेट गेलं. मी शेजारी बसून मान हलवत होते.

"ऐकलं ना त्याईनं?" त्यांनी नंतर विचारलं.

मी हो म्हटलं.

इथेच थांबले असते तर कदाचित हे लिहायची वेळ आली नसती. पण त्या रात्रीपासून मी दिवस मोजायला लागले. सहलीचे दहा दिवस. जेवणाच्या टेबलावर, बसमध्ये, प्रत्येक थडग्यात — बाबा बोलणार, आणि तिथे बटण नसणार. मला कशाची लाज वाटत होती? या माणसानं आयुष्यात कुणाचा हातभर धुरा इकडचा तिकडे केला नाही. आणि मी — शाळेच्या पालकसभेला दर वेळी आईच येईल असं जमवणारी मुलगी. तेव्हा दहा वर्षांची होते असं म्हणता येतं. आता काय म्हणू?

सहलीला पासष्टच्या वरच्यांना तब्येत ठीक असल्याचं पत्र लागत होतं. मी बाबांना तपासणीसाठी अकोल्याला बोलावलं. हृदयाची सोनोग्राफी झाली. ते आत शर्ट घालत होते आणि डॉक्टर बाहेर मला सांगत होते, की एक झडप किंचित जाड झाली आहे, या वयात होतेच, काही करायचं नाही. खुशाल घेऊन जा, म्हणाले, भरपूर चालू दे त्यांना. रिपोर्टमध्येही तेच होतं. इंग्रजीत.

अमरावतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर आम्ही बसलो. बाबांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि स्वतःचा चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, जसं काही तेच वाचणार होते.

"वाच, माय."

मी आधी इंग्रजीत वाचलं. पोथी ऐकावी तसे ते ऐकत होते. मग अर्थ सांगितला — हृदयाच्या एका झडपेत जाडी आली आहे. हे खरं होतं. पुढच्या ओळीत लिहिलं होतं, वयाच्या मानाने सामान्य, प्रवासाला हरकत नाही. ती ओळ मी वाचली नाही. कागदाची घडी घातली.

पुष्कळ दिवस मी स्वतःला समजावलं, की मी खोटं कुठे वाचलं? फक्त थांबले. पण तसं नाही. कारण बाबांनी विचारलं, "मंग? डॉक्टर काय म्हनले?"

आणि मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले विमान नको. दगदग झेपायची नाही."

झालं. एवढंच होतं ते. वाटलं होतं जड जाईल — गेलं नाही.

बाबा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू लय इचार नको करू. तुलेच धसका बसला असन." उठून माझ्यासाठी कचोरी घेऊन आले. एकच आणली. मी विचारलं, तर म्हणाले, आता तेलकट बंद.

घरी आई म्हणाली, इथल्या डॉक्टरला एकदा दाखवून घेऊ. पण बाबाच म्हणाले, "काहून? पोरीनं वाचला ना रिपोर्ट. इतकी इंग्रजी शाळा शिकवली ते काहाले मंग?"

तेव्हा बोलता आलं असतं. त्यानंतरच्या शनिवारी, त्याच्या पुढच्या शनिवारी. प्रत्येक शनिवारी घरी आले की बाबांचं काहीतरी कमी झालेलं असायचं. सहलीसाठी घेतलेले नवे बूट घालून ते रोज छत्री तलावापर्यंत चालून यायचे. ते बूट खोक्यात गेले. सायकल शेजारच्यांना दिली. आईनं त्यांची भाजी वेगळी करायला घेतली, बिनमिठाची. चालताना ते मध्येच थांबून छातीवर हात ठेवायला लागले. दुखतं का, मी विचारलं. दुखत नाही, पण लक्ष ठेवलेलं बरं, म्हणाले.

दिवाळीनंतर चांदूर बाजारला एका नातेवाइकांकडे लग्न होतं. पंगतीत बाबा जिलेबीला नाही म्हणाले तेव्हा कुणीतरी टोमणा मारला, की मोजणीवाले साहेब आता जिलेबीही मोजून खातात. बाबा हसले. मग मला हाक मारून पुढे केलं. "हे माही पोरगी. हिनं वेळेवर रिपोर्ट वाचला म्हनून मी तुमच्यासमोर उभा हाये." सगळे माझ्याकडे वळले. एक आजी म्हणाल्या, नशीब लागते अशी लेक असाले. मी वाकून त्यांच्या पाया पडले. दुसरं काय करणार होते? — नाही, हा प्रश्न मी उगाच विचारला. काय करता आलं असतं ते मला माहीत होतं.

मी जायचं रद्द करणार होते. बाबांनी करू दिलं नाही. तू पाहून येजो, मंग मी तुह्या डोळ्यांनी पाहतो, म्हणाले. आणि मी गेले. ओढूनताणून गेले असं लिहायला हात शिवशिवतो आहे. पण पहिले दोन दिवस मला फार हलकं वाटलं, हे खरं आहे. मी इंग्रजीत बोलत होते, लोक ऐकत होते, मला कुणाचीही काळजी करायची नव्हती.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याच बाईंनी, तोंडावर हात ठेवणाऱ्या, मला विचारलं, "तुझे बाबा कुठे आहेत गं? ते मोजणीवाले? आम्ही सगळे त्यांची वाट बघत होतो. त्या दिवशी मध्येच आवाज गेला त्यांचा."

मी म्हटलं, हार्ट. त्यांनी माझा हात हातात घेतला. दिवसभर सगळे माझ्याशी फार चांगले वागले.

त्या थडग्यात अभ्यासक दोरीवाल्यांसमोर थांबले. गटातल्या एकाने विचारलं, शेत मोजायचं तर दोरीला गाठी कशाला? अभ्यासक म्हणाले, मापासाठी असाव्यात, नक्की सांगता येत नाही. मला सांगता येत होतं — मी लहानपणापासून ऐकलेलं होतं ते. मी गप्प राहिले. बाबांच्या वाटचं मी तिथे बोलणं, तेवढं तरी मला जमलं नाही.

परत आल्यावर त्यांनी फोनवरचे फोटो एकेक करून पाहिले. दोरीवाल्यांच्या फोटोशी बराच वेळ थांबले, दोन बोटांनी मोठा करून गाठी पाहिल्या. पुढचा माणूस म्हातारा आहे का पोरगा, ते काही ठरेना. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत जायाले पायऱ्या किती होत्या?"

फार नव्हत्या. आमच्या गच्चीला जास्त आहेत. कुणीही उतरलं असतं, बाबा तर बोलत बोलत उतरले असते.

"खूप होत्या बाबा," मी म्हटलं. "आणि एकदम उभ्या."

त्यांनी मान हलवली. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरं झालं मंग," ते म्हणाले. "तुह्यावर भार झालो असतो."

मी बोट सरकवून पुढचा फोटो आणला. तो नदीचा होता. ते तोही पाहू लागले.