तहानेल्या सहा कुंड्या

माझ्या पीएच.डी.चं एक वर्ष आईने तांदळाच्या धुवणात बुडवलं. आता मी हे हसत सांगते. तेव्हा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

विषय साधा होता. पाणी कमी पडलं की बटाट्याचं झाड पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण हवेतला कार्बनही आत येत नाही. साखर कमी बनते, आणि पानांतून खाली बटाट्यांकडे जाणारा तिचा ओघही मंदावतो. किती, ते मला मोजायचं होतं. कॉलेजच्या गच्चीची दुरुस्ती निघाली, म्हणून बाळकुमच्या आमच्या गॅलरीत बारा कुंड्या आणल्या. सहांना भरपूर पाणी, सहांना तीन आठवडे जेमतेम जीव राहील एवढंच. ठाण्याची थंडी ती केवढी. बटाट्याचा मोसम हुकला की वर्ष गेलं.

रोज सकाळी पानाला चिमट्यासारखं धरणारं यंत्र लावून मी आकडे लिहायचे. दुसऱ्या आठवड्यात तहानेल्यांपैकी एक झाड अचानक तरतरीत झालं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचं. मग पलीकडचं. काहीतरी मोठं सापडलंय असं वाटून मी हुरळले आणि सरांना फोन केला.

सर म्हणाले, "आधी मातीत बोट घालून बघ."

बोट ओलं झालं, आणि नखाला तांदळाची कणी लागली.

आई कुकर लावत होती. तिने काहीच लपवलं नाही. "रोज एकीला घालते तांब्याभर. सगळ्यांना एकदम कुठून पुरणार? म्हणून पाळी लावली."

"अगं, त्यांना तहानलेलंच ठेवायचं होतं! वर्ष गेलं माझं!"

"सहा जणी पितात नि सहा बघत बसतात. तेही माझ्या दारात. माझ्या घशाखाली पाणी उतरेना गं."

विठ्ठलवाडीच्या चाळीत, एका नळावर वाढलेली बाई ती. तिथे पाणी कितीही कमी आलं तरी पाळी लागायची, कुणाची कळशी रिकामी परत जायची नाही. मला हे माहीत होतं, तरी मी नको ते बोलले. "तुला काही कळत नाही," असंही म्हणाले. ते अजून सलतं.

पुढच्या हिवाळ्यात सोसायटीने गच्ची वापरू दिली आणि मी प्रयोग पुन्हा मांडला. याच गच्चीवर आई रोज संध्याकाळी मैत्रिणींबरोबर फेऱ्या मारायची. ते तीन आठवडे ती वर फिरकलीच नाही. कपडे, वाळवण, सगळं गॅलरीत कोंबलं. सगळ्यांना सांगितलं, गुडघा दुखतोय. मी बावळट, तिला तेल आणून दिलं, आणि तिने ते निमूट चोळलंही. गुडघा ठणठणीत होता, हे शेवटच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी मला सांगितलं.

मोजणी संपली त्या सकाळी मी धावत खाली आले. "आई, चल. आता पाणी घालायचंय."

तांब्या बाजूला ठेवून तिने बादलीच उचलली. मला हात लावू दिला नाही. वर जाऊन सहाही कुंड्यांना एकदम, माती गच्च भिजेपर्यंत पाणी घातलं. मग कठड्याला टेकली, धापा टाकत माझ्याकडे बघून हसली.

"आता मलाही दे गं घोटभर."