तीन फुंकरी

मिस्त्रींना घाबरलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. पटाशी लागून बोट कापलं तरी आधी लाकडावरचा डाग पुसणार, मग बोट. पण गुरुवारी अकरा वाजता छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं आणि या गृहस्थांनी चक्क परीक्षेची तयारी सुरू केली.

खोकला दीड वर्षाचा. नेहमीच्या डॉक्टरांनी दोनदा औषध बदलून पाहिलं आणि शेवटी या मोठ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. त्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर काय काय आणायचं ते सांगितलं आणि बायकोने ते लिहून घेतलं: जुने एक्स-रे, चालू औषधं, खोकला कधीपासून, दम कधी लागतो, काम काय करता. कागदाच्या माथ्यावर सवयीने आधी देवाचं नाव लिहिलं आणि ती कामाला लागली. कपाटामागचं एक्स-रेचं पाकीट झटकलं, गोळ्या पिशवीत भरल्या.

मिस्त्रींची तयारी निराळी. सोमवारपासून ते न थांबता जिना चढायचा सराव करत होते. वर पोचले की कठडा धरून उभे राहायचे आणि कुणी पाहिलंच तर तो हलवून बघायचे, जणू सैल झालाय. मनात एकच धास्ती. डॉक्टर म्हणणार, काम बंद करा. मग घराशेजारची ती शेड, तो रंधा, कानावरची पेन्सिल, या सगळ्याचं करायचं काय? आणि त्याहून मोठा प्रश्न, त्यांचं स्वतःचं करायचं काय?

बुधवारी संध्याकाळी पिशवी पुन्हा एकदा बघताना बायकोला तळाशी खोकल्याच्या औषधाची बाटली सापडली.

“अहो, ही कशाला? ही तर चालू औषधांत नाही.”

“निघताना दोन झाकणं घेईन म्हणतो. तिथे खोकला यायला नको.”

“मग जायचं तरी कशाला? हवा खायला?”

“अगं, मोठ्या माणसासमोर जरा नीटनेटकं जावं.”

“लग्न ठरवायला निघालात का?” तिने बाटली टेबलावर ठेवली. “एक सांगा. गिऱ्हाईक डुगडुगणारी खुर्ची तुमच्याकडे आणतं, आणि तुम्ही बघायच्या आत पायाखाली कागदाची घडी सरकवतं. तुम्हाला काय कळणार?”

“काय कळणार? कपाळ माझं!” मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं.

“तेच म्हणते मी.”

“पण ते म्हणाले, हत्यारं खाली ठेवा, तर?”

“तर न ठेवता कसं जमेल ते विचारू. देवाने हात शाबूत ठेवलेत, वाटही दाखवेल. पण तुम्ही लपवाछपवी केलीत तर तो बिचारा काय करणार?”

“बिचारा कोण? देव की डॉक्टर?”

“दोघंही!”

मिस्त्री हसले. हसता हसता खोकले आणि खोकत खोकत शेडमध्ये गेले. एका दाराची चौकट अर्धी झाली होती. त्यांनी पटाशीने खाच थोडी खोल केली आणि आतला भुसा उडवायला फुंकर मारली. पूर्वी एका फुंकरीत खाच आरशासारखी व्हायची. आता एक मारली, छाती धरली. दुसरी मारली, थांबले. तिसरीला कुठे तळ दिसला. गेले कित्येक महिने ते हे पाठमोरं होऊन करत होते. आज शेडमध्ये कुणीच नव्हतं, तरी पाठमोरेच उभे राहिले होते. हे लक्षात आल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं.

घरात येऊन त्यांनी कानावरची जाड पेन्सिल काढली. ‘दम कधी लागतो’च्या खाली बायकोने लिहिलं होतं, ‘जिना चढताना.’ त्याखाली त्यांनी लिहिलं: ‘खाच साफ करताना. आधी एक फुंकर, आता तीन.’ मग ‘खोकला कधीपासून’समोरचं दीड वर्ष खोडून अडीच केलं.

“अडीच?” बायकोने डोळे वटारले.

“पहिलं वर्ष मी गिळलं.”

“छान! आणि मी म्हणतेय, जेवण का जात नाही!” ती रागावली होती, पण कागदाची घडी मात्र जपून घातली.

गुरुवारी सकाळी बाटली टेबलावरच राहिली. पिशवीत उलट तीन पुड्यांची भर पडली होती. प्रत्येकीत एकेका लाकडाचा भुसा, आणि वर पेन्सिलीने लाकडाचं नाव. एका नावापुढे फुली.

“हे काय? डॉक्टर हसतील!”

“हसू देत. फुलीवालं लाकूड कापलं की रात्रभर खोकतो मी. हे त्यांना कोण सांगणार?” मिस्त्रींनी पिशवी खांद्याला लावली. “आणि एक बघ, दवाखान्याच्या जिन्यावर मी मधे थांबणार आहे. घाई करायची नाही.”

“बघू,” म्हणत तिने दाराला कुलूप लावलं आणि त्यांच्या एक पाऊल मागे चालू लागली.