चार दरपत्रकं आणि एक चरा

आभाळ सकाळपासून तोंड फुगवून बसलं होतं. ऊन नाही, पाऊसही नाही, नुसती कुंद दमट हवा. कडकताईंनी मागच्या खोलीत दोरीवर टाकलेल्या इस्पितळाच्या चादरी एकेक करून गालाला लावून पाहिल्या.

"अजून रडताहेत मेल्या," असं म्हणून त्यांनी पंखा चादरींकडे वळवला.

कडकताई हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. त्यांच्या हातची कॉलर घातली की माणसाला मान वाकवता येत नाही, म्हणून. नवरा गेल्यावर बावीस वर्षं ही लॉंड्री त्यांनी एकटीनं ओढली. चुरगळलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. वर्तमानपत्र, विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, काही सुटायचं नाही. याच सवयीनं त्यांना गोत्यात आणलं.

गावात लॉंड्र्या चार. इस्पितळाच्या चादरी ज्याचा दर कमी त्याला मिळायच्या, त्यामुळे दर वर्षी चौघं एकमेकांवर कुरघोडी करत दर खाली आणायचे. सहा महिन्यांपूर्वी मोठ्या लॉंड्रीचे भट्टीशेठ बाकी दोघांना घेऊन ताईंकडे आले.

"ताई, आपसात कशाला मरायचं? पाळीपाळीनं काम घेऊ. यंदा तुम्ही. तुम्ही दुप्पट दर लिहा, आम्ही त्याच्याही वर लिहितो. इस्पितळ जाईल कुठं?"

"आणि कुणी विचारलं तर?"

"सांगायचं, साबण महागला."

ताईंना वाटलं, ही काही चोरी नव्हे. चार माणसं चहा पिऊन एक झाली, एवढंच. शेठनी चौघांची दरपत्रकं तिथंच लिहून, सह्या घेऊन खिशात कोंबली आणि जाताना पुन्हा बाहेर काढली, तर कागदांचा पार चोळामोळा. ताईंना बघवेना.

"असे देणार? आणा इकडं!"

चारही कागदांवरून इस्त्री फिरली. काम ताईंना मिळालं. दुकानात नवं कपाट आलं.

मग त्यांची मोठी बहीण, आक्का, स्टुलावरून पडली आणि पाय मोडून त्याच इस्पितळात दाखल झाली. ताई भेटायला गेल्या तर आक्कानं चादरीचं टोक पुढं केलं.

"बघ गं, घडी अगदी तुझ्यासारखी. आज चौथा दिवस."

"रोज बदलत नाहीत?"

"आधी बदलायचे म्हणे. आता धुण्याचा दर दुप्पट झालाय, इस्पितळाकडं पैसे तेवढेच. मग आम्ही लोळतोय घामात. कोण हा धुणंवाला मेला, एकदा बघायचाय मला."

ताईंनी संत्रं सोलायला घेतलं. सोलून झालेलं संत्रं त्या पुन्हा सोलू लागल्या.

"काय गं, त्याचं सालटंच काढतेस की!" आक्का म्हणाली.

आणि आज, चादरी अशा रडत असताना, भट्टीशेठचा फोन आला. "चौकशीवाल्या बाई येतील. तोंड उघडलंत तर दंडात दुकान जाईल, समजलं?"

फोन ठेवतात न ठेवतात तोच चष्मेवाल्या बाई दारात उभ्या. व्यापारी संगनमत करतात का, हे पाहणाऱ्या सरकारी कचेरीतून आलेल्या. त्यांनी टेबलावर चार कागद मांडले. चार लॉंड्र्यांची दरपत्रकं, चारही करकरीत. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एकसारखा बारीक चरा.

"चार दुकानांच्या कागदांवर एकच चरा कसा, सांगाल?"

ताईंनी आपल्या इस्त्रीकडे पाहिलं. टोकाशी खाच होती, एका पँटच्या बटणाशी झालेल्या भांडणाची. नाही म्हणणं सोपं होतं. इस्त्री कुणाचीही असू शकते. पण दुकान डोळ्यांसमोर आलं, तशी आक्काची चौथ्या दिवसाची चादरही आली. त्यांनी कोरा कागद घेतला, त्यावर इस्त्री फिरवली आणि बाईंच्या पुढं ठेवला. कोपऱ्यात तोच चरा.

"माझीच आहे. बसा, सगळं सांगते."

सांगून झाल्यावर घाबरत विचारलं, "पण बाई, आम्ही कुणाला मारलं नाही की लुटलं नाही. हा गुन्हा कसा?"

"चौघं भांडता तेव्हा गिऱ्हाइकाला निवड असते. चौघं एक झालात की त्याला दारच उरत नाही. तुमचा जास्तीचा दर कुणी भरला?"

"आक्कानं," ताई म्हणाल्या.

बाईंना आक्का कोण ते कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. "सगळ्यांत आधी खरं सांगणाऱ्याचा दंड पुष्कळ कमी होतो. शेठना मात्र महागात पडेल."

तसंच झालं. कपाट विकून दंड भागला, दुकान राहिलं. दरपत्रकं पुन्हा मागवली, आणि या वेळी चौघं अशी भांडली की दर जुन्याहूनही खाली आला. काम गेलं चौघांतल्याच कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनवाल्याकडं, त्यानं ताईंहून जरासा कमी दर लावला म्हणून. ताईंनी दोन दिवस त्याला शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवशी घरोघर जाऊन कपडे गोळा करायला लागल्या.

बरी होऊन काठी टेकत आक्का दुकानात आली. "शेवटी शेवटी रोज चादर बदलायचे गं. पण घडी अगदीच गबाळी!"

"मग! तो कुठला घड्या घालतोय," ताई खूष होऊन म्हणाल्या. एक शर्ट ओढून घेतला, कॉलरवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री उचलली.